डोक्याची गोळी

आमच्या सभेत बीपीची गोळी चालते. साखरेची चालते, थायरॉइडची चालते, गुडघ्याला लावायचं मलम तर सभा चालू असतानाही लावतात. डोक्याची गोळी तेवढी चालत नाही. असा नियम कुणी भिंतीवर लावलेला नाही, पास्टरांनी तो कधी माइकवरून सांगितलाही नाही, पण सगळ्यांना तो माहीत आहे. मला तो माझ्या धाकट्या भावामुळं माहीत झाला, आणि आठवण आली की अजून माझा संताप होतो.

सभा म्हणजे शेलूबाजारच्या बाहेर, हायवेला लागून असलेलं एक टिनाचं शेड. आत सतरंज्या, एक माइक, एक ढोलकी. आम्ही जन्मानं ख्रिस्ती नाही. आमचं घर बौद्ध. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा घरातले देव पोत्यात भरून बाहेर काढले, आणि त्यांच्याबरोबर अंगात येणं, बाधा, उतारा, लिंबू हे सगळंही काढलं. त्याचा त्यांना मोठा अभिमान होता. वडील वारले तेव्हा आई पार खचली. भाऊकीतले लोक तेरा दिवस आले आणि आपापल्या कामाला लागले. सभेतल्या बायका मात्र येत राहिल्या. स्वयंपाक करून द्यायच्या, आईच्या केसांना तेल लावायच्या, तिच्याजवळ बसून गाणी म्हणायच्या. आई त्यांच्यात गेली ती या मायेपोटी. कुणी तिला फसवलं नाही, काही आमिष दाखवलं नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं जे सांगणार आहे ते ऐकून काही जणांना आयतंच कोलीत मिळेल, आणि ते मला द्यायचं नाही. प्रभूवर माझा राग नाही. त्याच्या माणसांवर आहे.

माझं सासर मंगरूळपीरचं. मी शाळेत शिकवते आणि रविवारी आईकडं येते. भाऊ आईजवळ राहायचा आणि बाजारातल्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात काम करायचा. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी शेतकरी आणून टाकायचे आणि हा तासन्‌तास मान खाली घालून तांब्याची तार गुंडाळत बसायचा. शांत पोरगा होता. मग एका हिवाळ्यात तो हळूहळू विझला. दुकानात जाईना, जेवीना, आंघोळ करीना. भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा. उठवायला गेलं की म्हणायचा, "ताई, मले राहू दे नं. मी कायच्याच कामाचा नाई." त्याआधीच्या वर्षी तो महिनाभर उगाच अति खुशीत होता, सगळ्या बाजाराशी गप्पा मारत फिरायचा, हे आम्हाला नंतर डॉक्टरांनी विचारल्यावर आठवलं.

मी त्याला अकोल्याला नेलं. मनोविकाराचे डॉक्टर म्हणाले, हा एकच आजार आहे, माणसाला कधी खाली नेतो आणि कधी वर. वर नेतो तेव्हा घरचे खूश होतात आणि तिथंच फसतात. झोप कमी झाली की समजा आजार वर चढतोय, लगेच घेऊन या. गोळी रोजची. मधूनमधून रक्त तपासायचं. आईनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर मला म्हणाली, "सभेत कोनाले सांगू नको, त्याचं लगन व्हाचं हाय."

पण सभेला कळलंच. आमच्याकडं काय लपतं? बायकांनी त्याच्यासाठी उपास-प्रार्थना धरली. पास्टरांनी डोक्याला तेल लावून प्रार्थना केली. इकडं गोळी चालू होती. दोन्ही चालू असताना तो बरा झाला. उठला, दाढी केली, दुकानात गेला. मला वाटलं, चला, ज्याला जे श्रेय घ्यायचं ते घेऊ दे, आपला भाऊ उठला ना. तेव्हा मला साक्षीचं गणित ठाऊक नव्हतं.

गाणी झाली, ढोलकी थांबली की आमच्याकडं साक्षीची वेळ येते. ज्याच्यावर प्रभूनं कृपा केली त्यानं उभं राहून ती माइकवर सांगायची. हरवलेली म्हैस सापडली, मुलगी पास झाली, पोटातली गाठ विरघळली. लोक आमेन म्हणतात, टाळ्या वाजवतात. साक्ष लपवली तर कृपा परत जाते असं मानतात. आणि एकदा दिली की मग तिला जागावं लागतं. भाऊ एका रविवारी उभा राहिला. लाजत, अडखळत म्हणाला, "मी लय बिमार होतो. मले जगावं वाटत नव्हतं. प्रभूनं मले बरं केलं." तो खोटं बोलला नाही. गोळीचं फक्त बोलला नाही. शेडमधल्या बायका रडल्या, आई तर धाय मोकलून रडली, आणि त्या दिवसापासून माझा भाऊ सभेचा पुरावा झाला.

आता पुराव्यानं गोळी कशी खायची? त्याच आठवड्यात सभेतल्या एक आंटी घरी आल्या. फळीवर त्यांना गोळ्यांचं पाकीट दिसलं. त्या रागावल्या नाहीत, उलट आईचा हात हातात घेऊन फार मायेनं बोलल्या, "सिस्टर, देवानं बरं केलं म्हनून पोरानं माइकवर सांगतलं. मंग हे कायले? देवाले खोटं पाडून राह्यले का तुमी?" आईच्या काळजात ते बरोबर जाऊन बसलं. तिला वाटलं, गोळी खाल्ली तर कृपा परत जाईल आणि पोरगा पुन्हा भिंतीकडं तोंड करून पडेल. त्या भीतीनं तिनं सगळी पाकिटं चुलीत घातली. भाऊही हो म्हणाला. त्याला त्या गोळीनं तहान लागायची, हात थरथरायचा आणि तार गुंडाळताना त्रास व्हायचा. शिवाय कुणाला वाटणार नाही की आपण कायमचे बरे झालो?

मी रविवारी आले तेव्हा चूल थंड झाली होती. मी आईला म्हटलं, "तुह्या बीपीची गोळी कुठी हाय? थे पन टाक नं चुलीत."

"थे आंगाची हाय," आई म्हणाली. "हे डोक्याची हाय. डोकं म्हनजे आत्मा. आत्म्याले गोळी नाई लागत बाई, आत्म्याले देव लागते."

"डोकं आंगात नाई तं काय खुंटीले टांगलेलं हाय?"

"तुह्यं शिक्षन तुह्यापाशी ठेव," आई म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. मी तणतणत बसले. भाऊ आमच्या दोघींकडं पाहून हसत होता. नव्या गोळ्या आणून देते म्हटलं तर म्हणाला, "ताई, मी बरा हावो नं. तू कायले जीव जाळून राह्यली?"

पुढचे काही आठवडे तो खरंच छान होता. हेच तर वाईट झालं. सगळ्यांना वाटलं, बघा, गोळी सोडली आणि पोरगा फुलला. मग तो जास्त फुलायला लागला. साक्ष लांबत गेली. अडखळणारा पोरगा आता असा बोलायचा की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. बायबलमधली वचनं एकामागून एक सोडायचा, मध्येच हिंदीत शिरायचा, मध्येच गायचा, रडायचा, रडवायचा. पास्टर हरखले. त्यांनी त्याला बरोबर न्यायला सुरुवात केली. मानोऱ्याकडच्या तांड्यांवर, रिसोडकडच्या गावांत, जिथं सभा तिथं माझा भाऊ. लोक म्हणायचे, पोरावर अभिषेक उतरला, पवित्र आत्माच याच्या तोंडून बोलतो. दुकानात तीन मोटारी उघड्या पडल्या होत्या, एकीचीही तार पुरी झाली नव्हती. मालकानं निरोप पाठवला तर भाऊ म्हणाला, आपण आता माणसांची वाइंडिंग करतो. या वाक्यावर सभेत केवढ्या टाळ्या पडल्या!

आई मला कौतुकानं सांगायची, "झोपतच नाई बाई. रातभर प्रार्थना करते. उपास धरला तं दिवस दिवस पानी घेत नाई. आन तरी पाय, कसा ताजातवाना!" डॉक्टरांचे शब्द मला पाठ होते. मी भावाला म्हटलं, अकोल्याला चल. तर तो माझ्यावर असा ओरडला की आयुष्यात कधी ओरडला नव्हता. माझ्या तोंडून सैतान बोलतोय म्हणाला. सैतान! आमच्या आजोबांनी ज्या घरातून भूतंखेतं पोत्यात भरून काढली, त्या घरात हा सैतान मागच्या दारानं आला आणि तो मीच निघाले.

मग मी पास्टरांना भेटले. माणूस वाईट नव्हता, हे अजूनही म्हणते. बाहेरच्या जिल्ह्यातून आलेला, मृदू बोलणारा, कुणाच्या मयतीला रात्री-बेरात्री धावणारा. मी सगळं सांगितलं: आजाराचं नाव, झोपेचं, डॉक्टरांनी दिलेला इशारा.

"सिस्टर," ते म्हणाले, "ज्याला प्रभू जागं ठेवतो त्याला तुम्ही गोळी देऊन झोपवणार का?"

"तुम्ही चष्मा लावता ना?" मी म्हटलं. "डोळ्यांपुरता विश्वास कमी पडला का तुमचा?"

ते दुखावले. चष्मा काढून पुसत म्हणाले, "डोळा वेगळा, मन वेगळं. मनाची लढाई आत्मिक असते. तुम्ही फक्त प्रार्थना करा." बाहेर त्यांची मोटारसायकल उभी होती आणि तिच्यावर माझा भाऊ बसला होता. त्यांना कुठल्या तरी गावी साक्षीला जायचं होतं. मला पाहून त्यानं तोंड फिरवलं.

केनवडला मंडप घालून मोठी सभा ठेवली होती. मी मुद्दाम आईबरोबर गेले, कारण आता मला त्याला नजरेआड होऊ द्यायचं नव्हतं. दुपारी भावाच्या हातात माइक आला आणि त्यानं तो सोडलाच नाही. आधी लोक आमेन म्हणत होते. मग त्याचं बोलणं इतकं वेगात गेलं की एक वाक्य दुसऱ्याला लागेना. लोक एकमेकांकडं पाहायला लागले. पास्टर माइक घ्यायला पुढं झाले तर भावानं त्यांची कॉलर धरली. "गुडघे टेक!" तो ओरडला. "तुह्यात सैतान हाय! मले पाठवलं हाय प्रभूनं, तुले नाई!"

आणि मग ज्या तोंडातून सकाळपर्यंत प्रभू बोलत होता त्याच तोंडातून आता सैतान बोलतोय, असं सगळ्यांनी एकदम ठरवलं. कुणाला त्यासाठी विचार करावा लागला नाही. चौघांनी त्याला सतरंजीवर पाडलं. कुणी पाय धरले, कुणी हात. एकानं छातीवर गुडघा दिला. तोंडावर तेल ओतलं. "नीघ! नाव सांग! नीघ याच्यातून!" ढोलकीवालाही ओरडत होता. भाऊ सुटण्यासाठी पूर्ण ताकदीनं झटत होता, आणि तो जितका झटायचा तितका सैतान मोठा ठरत होता. मी लोकांना ओढत होते, बोचकारत होते, तोंडाला येईल ते बोलत होते. मलाही दोन बायकांनी धरून ठेवलं. तेवढ्यात भावाचा आवाज आला, अगदी लहानपणचा, "आई, यायले सांग नं. मले दम लागून राह्यला."

आई उठली. तिनं काही वाद घातला नाही. ज्यानं छातीवर गुडघा दिला होता त्याच्या पाठीत तिनं असा धपाटा घातला की तो बाजूलाच झाला. "माहा पोरगा हाय थो," ती म्हणाली. "सैतान गियतान काही नाई. सोडा त्याले." आणि मला म्हणाली, "जीप पाय."

अकोल्याला जाताना जीपमध्ये तो कधी गात होता, कधी रडत होता. आई त्याचं तेलकट तोंड पदरानं पुसत होती. एकदाच माझ्याकडं न पाहता म्हणाली, "डॉक्टरले काय सांगाचं म्या? गोळ्या मीच जाळल्या म्हनून सांगू?" मी म्हटलं, सांग. आणि तिनं डॉक्टरांना पहिलं वाक्य तेच सांगितलं.

तो बरेच दिवस दवाखान्यात होता. आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं तेव्हा सभेतून डब्यांची रांग लागली होती. कोण सकाळचा आणणार, कोण संध्याकाळचा, यावरून बायकांत रुसवेफुगवे झाले होते. या वेळी कुणी आलं नाही. एक डबा नाही, एक फोन नाही. आई रोज दुपारी व्हरांड्यात उभी राहून गेटकडं पाहायची आणि मला म्हणायची, कामं असतील लोकाले, शेतात सोंगनीचे दिवस हायेत. मला तिची कीव यायची आणि त्या बायकांचा, केसांना तेल लावणाऱ्या त्याच हातांचा, तळपायाची आग मस्तकात जावी इतका राग यायचा. निरोप तेवढा पोचला. कुणीतरी कुणाला म्हणालं होतं की पोराचा विश्वास कमी पडला, घरात काही तरी पाप असेल, बहीण फार उलटं बोलते. भाऊकीतले लोकही मागं राहिले नाहीत. एक काका हसत म्हणाले, "तुमच्या आज्यानं आंगात येनं बंद केलं होतं, तुमी गाड्या भरूभरू सभेले जाऊन थे परत आनलं." दोन्हीकडून मार होता, आणि मध्ये माझा भाऊ पांढऱ्या चादरीवर झोपलेला. निदान झोपलेला तरी होता.

यातून तो उठला, पण हळू. दुकानाच्या मालकानं परत घेतलं. तार गुंडाळायचा वेग कमी झाला होता, पण मोटारी पुऱ्या होऊन जात होत्या. बोलणं संथ झालं. वाक्यामध्ये थांबायचा. गोळी वेळेवर घ्यायचा, झोपायचा, जेवायचा. मला याहून जास्त काही नको होतं.

त्याला मात्र सभेत परत जायचं होतं. मी कपाळावर हात मारला. म्हटलं, ज्यांनी तुझ्या छातीवर गुडघा दिला त्यांच्यात? तो म्हणाला, "ताई, मले थे गाने आवडतात. आन मले खरी साक्ष द्याची हाय. पयली अर्धीच देल्ली होती." आम्ही तिघं गेलो. लोकांनी 'जय मसीह की' म्हटलं, पण सतरंजीवर आमच्या बाजूला कुणी सरकलं नाही. पास्टरांनी भावाला पाहून नजर खाली वळवली. साक्षीची वेळ आली तेव्हा भावानं हात वर केला. पास्टर थोडे थांबले, पण त्यांनी माइक दिला. त्याबद्दल मी त्यांना मानते.

"मी बिमार होतो," भाऊ म्हणाला. मग थांबला. "हे बिमारी डोक्याची हाय. डोकं आंगातच रायते. म्या गोळी सोडली, म्हनून तुमाले थे सगळं पाहा लागलं. आता मी रोज गोळी घेतो. रोज झोपतो. कामाले जातो. प्रभूनं मले बरं केलं, आन गोळीनं बरं केलं. मले दोन्ही खरं वाटते." पुन्हा थांबला. अजून काही बोलायचं आहे का ते आठवत राहिला. "बस, एवढंच."

आमेन आलं नाही. साक्ष संपली हेच लोकांना कळलं नाही, इतकी ती साधी होती. माझ्या मागं एक बाई शेजारणीला हळूच म्हणाली, "पयलेसारखा अभिषेक नाई राह्यला बाप्पा याच्यात." ऐकून मला ओरडून सांगावंसं वाटलं की बाई, तुला जो आवडला होता तो आजार होता. पण पास्टरांनी माइक घेतला होता. अतिशय मायेनं, डोळ्यांत पाणी आणून ते म्हणाले, "चला, आपल्या या भावाच्या आरोग्यासाठी सगळे मिळून प्रार्थना करू या."

लोक उठले. त्याच्याभोवती जमले. डोक्यावर, खांद्यावर, पाठीवर हात ठेवले. आता कुणी दाबत नव्हतं, हात हलकेच होते, आणि भाऊ मान खाली घालून मुकाट उभा होता. आवाज चढायला लागला. "याला बरं कर प्रभू! याला सोडव!" आईनं घड्याळ पाहिलं. ती उठली, गर्दीतून वाट काढत आत शिरली आणि पदराच्या गाठीतून गोळी काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

"सिस्टर, प्रार्थना चालू आहे," पास्टर म्हणाले.

"चालू द्या नं," आई म्हणाली. "त्याच्या गोळीचा टाइम झाला. आमीबी प्रार्थना करूनच देतो."

तिनं पाण्याची बाटली उघडून दिली. त्यानं सगळ्यांसमोर, डोक्यावर तेवढे हात असताना, गोळी गिळली. एकेक हात बाजूला झाला. ढोलकीवाल्यानं उगाच गाणं सुरू केलं.

घरी परतताना आम्ही हायवेच्या कडेनं चालत होतो. ट्रक जात होते, बोलणं धड ऐकू येत नव्हतं. भाऊ त्याच्या त्या नव्या संथ आवाजात, राग नाही, तक्रार नाही, नुसतंच नवल वाटल्यासारखा म्हणाला, "ताई, मी बिमार होतो तवा या लोकायनं माही साक्ष घेतली. आन आता बरा झालो तं माह्यासाठी प्रार्थना करून राह्यले."

आईनं चालता चालता त्याचा हात धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.